मायक्रोअ‍ॅरेच्या माहितीत मुद्दाम बदल घालून जनुक-अभिव्यक्तीतील फरक शोधणाऱ्या पद्धती पारखाव्यात का, आणि कशा?

मुळाथडी (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आहे. आमच्या प्रयोगशाळेकडे काही वर्षांपूर्वीच्या अ‍ॅफिमेट्रिक्सच्या यू१३३ए चिप्स आहेत, म्हणजे हजारो जनुकांची अभिव्यक्ती (त्यांचा आरएनए किती तयार होतो ते) एकाच वेळी मोजणाऱ्या चिप्स. चार नमुने रोगग्रस्त ऊतींचे आणि चार निरोगी ऊतींचे आहेत. या दोन गटांत कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती बदलली आहे, याची यादी मला काढायची आहे. साधी टी-चाचणी, लिमा, सॅम, विलकॉक्सन आणि नुसता फोल्ड चेंज (दोन गटांत अभिव्यक्ती किती पट बदलली) अशा पाच पद्धतींनी मी यादी काढली, तर पाच वेगवेगळ्या याद्या मिळाल्या. पहिल्या शंभरांत पाचही याद्यांत सापडणारी जनुके फारच थोडी आहेत. कोणती यादी बरोबर हे ठरवायचे, तर खरे उत्तर आधी माहीत असायला हवे, आणि ते माहीत असते तर प्रयोगच करावा लागला नसता.

म्हणून उत्तर माहीत असलेली माहिती स्वतःच तयार करावी, असा विचार आहे. सार्वजनिक भांडारातून याच प्रकारच्या चिपचे, एकाच निरोगी ऊतीचे नमुने घ्यायचे. त्यांतून यादृच्छिकपणे आठ निवडून चार-चारचे दोन गट पाडायचे. सगळे नमुने निरोगीच असल्याने या गटांत खरा फरक नसणार. मग सुमारे २२,००० प्रोब सेटांपैकी (एकेका जनुकाचा आरएनए पकडणाऱ्या, चिपवरील डीएनए-तुकड्यांच्या संचांपैकी) ५०० निवडून एका गटात त्यांच्या लॉग-२ किमतीत १ मिळवायचा, म्हणजे अभिव्यक्ती दुप्पट झाली असे होईल. त्यानंतर पाचही पद्धती चालवून त्या ५०० पैकी किती जनुके प्रत्येकीने शोधली आणि किती भलतीच उचलली, हे मोजायचे.

ही परीक्षा न्याय्य ठरेल का? आमच्या गटाच्या बैठकीत हे मांडण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रसरण

आपली दिशा योग्य आहे. मी विद्यापीठात बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकवले आणि अनेक प्रबंधांत याच कामासाठी संगणकाने नॉर्मल वितरणातून आकडे काढून पद्धतींची तुलना केलेली पाहिली. तिथे अडचण अशी होते की ज्या पद्धतीची गृहीतके आकडे तयार करणाऱ्या सूत्राशी जुळतात तीच पहिली येते आणि प्रत्यक्ष चिपबद्दल आपल्याला नवे काहीच कळत नाही. खऱ्या नमुन्यांवर बदल घातला, तर प्रत्येक जनुकाचे स्वतःचे प्रसरण (व्हेरियन्स, म्हणजे नमुन्यांतला चढउतार), जनुकांचे परस्परसंबंध, मधूनच उसळणारे विचित्र आकडे हे सारे जसेच्या तसे राहते. अशा माहितीला प्लाझ्मोड म्हणतात. १९६७ सालापासून घटक-विश्लेषणाच्या अभ्यासात ही कल्पना रूढ आहे.

मात्र एक पायरी आपल्या योजनेत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत आधी यायला हवी. कोणताही बदल न घालता, नुसते चार विरुद्ध चार गट पाडून पाचही पद्धती चालवा. फरक नाहीच म्हटल्यावर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) ० ते १ यांच्या दरम्यान सपाट पसरायला हव्यात. २२,२८३ प्रोब सेटांवर ०.०५ ची मर्यादा लावली, तर सरासरीने सुमारे १,१०० जनुके योगायोगानेच पार होतील. एखादी पद्धत अनेक विभागण्यांच्या सरासरीत याच्या दुप्पट देत असेल, तर ती नंतर ५०० पैकी किती शोधते याला काही किंमत नाही. ढिली चाचणी नेहमीच जास्त 'शोधते'.

आता पद्धतींबद्दल. विलकॉक्सन चाचणी किमतींचा फक्त क्रम पाहते, म्हणून ती चार विरुद्ध चारमध्ये मुळातच लंगडी पडते. आठ नमुन्यांची चार-चारमध्ये विभागणी ७० प्रकारे होते, त्यामुळे दुतर्फा चाचणीत मिळू शकणारी सर्वांत लहान पी-व्हॅल्यू २ भागिले ७०, म्हणजे ०.०२८६ असते. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची १९९५ ची सुधारणा (हजारो चाचण्या एकदम करताना यादीतील चुकीच्या शोधांचे प्रमाण मर्यादेत ठेवणारी) ५ टक्क्यांवर लावली, तर एकही जनुक जाहीर होण्यासाठी सुमारे १२,७०० प्रोब सेट एकाच वेळी त्या टोकाच्या किमतीवर असावे लागतील. आपल्या ५०० जनुकांच्या प्रयोगात विलकॉक्सनचे उत्तर शून्य येणार हे चिपला हात न लावता सांगता येते. तिला या परीक्षेत नापास ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. गटात वीस-पंचवीस नमुने असते तर चित्र पुष्कळ वेगळे दिसले असते.

साध्या टी-चाचणीचे दुखणे निराळे आहे. समजा, एका जनुकाच्या लॉग-२ किमती एका गटात ७.०१, ७.०२, ७.०३ आणि दुसऱ्यात ७.०६, ७.०७, ७.०८ आहेत. (आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तीनच नमुने घेतले आहेत.) सरासरींतला फरक अवघा ०.०५, म्हणजे अभिव्यक्तीत साडेतीन टक्के वाढ. कोणताही जीवशास्त्रज्ञ त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. परंतु दोन्ही गटांचे प्रमाण विचलन ०.०१ असल्याने टी ६.१ येतो आणि पी-व्हॅल्यू ०.००५ च्या खाली जाते. हजारो जनुकांत असे योगायोगाने लहान प्रसरण लाभलेले अनेक असतात आणि ते यादीच्या डोक्यावर जाऊन बसतात.

लिमामध्ये, म्हणजे स्मिथ यांच्या २००४ च्या पद्धतीत, प्रत्येक जनुकाचे प्रसरण सर्व जनुकांच्या सामायिक प्रसरणाकडे ओढले जाते. वरच्याच उदाहरणात सामायिक प्रसरण ०.०४ आणि त्याच्या वजनाचे स्वातंत्र्यांश (अंदाजामागे किती स्वतंत्र माहिती आहे याचे माप) ४ धरा. जनुकाचे स्वतःचे स्वातंत्र्यांशही ४ आहेत, म्हणून नवे प्रसरण दोहोंची सरासरी, सुमारे ०.०२ होते आणि टी ६.१ वरून ०.४३ वर येतो. सॅममध्ये, म्हणजे टशर, टिब्शिरानी आणि चू यांच्या २००१ च्या पद्धतीत, भाजकात एक ठरावीक राशी मिळवून हाच परिणाम थोड्या वेगळ्या वाटेने साधला जातो. आपल्या पाच याद्यांतल्या फरकाचा मोठा हिस्सा येथूनच आला असावा.

पेशीजाल

मी प्रयोगशाळेतील माणूस आहे, सूत्रांबद्दल बोलणार नाही. पण 'सगळे नमुने निरोगी, म्हणजे गटांत फरक नाही' हे वाक्य वाचून थांबलो.

मुळाथडी ताई, भांडारातून घेतलेल्या नमुन्यांत स्त्रिया किती आणि पुरुष किती, हे पाहिलेत का? यादृच्छिक निवडीत एका गटात तीन स्त्रिया आणि दुसऱ्यात एक अशी वाटणी सहज होते. मग एक्सआयएसटी हे जनुक यादीत अगदी वर येईल, कारण ते स्त्रियांच्या पेशींतील निष्क्रिय झालेल्या एक्स गुणसूत्रावरून वाचले जाते. वाय गुणसूत्रावरील आरपीएस४वाय१ उलट दिशेने वर येईल. आपल्या हिशेबात ही दोन्ही 'चुकीची सापडलेली' ठरतील आणि ती शोधणाऱ्या पद्धतीला दंड होईल. खरे तर त्या पद्धतीने खराच फरक दाखवलेला असेल.

स्कॅनच्या तारखेचेही तसेच आहे. प्रत्येक सीईएल फाइलच्या (चिपचे कच्चे वाचन साठवणाऱ्या फाइलच्या) शीर्षभागात डॅटहेडर नावाची ओळ असते, तिच्यात चिप कधी स्कॅन झाली ते लिहिलेले असते. ती ओळ उघडून पाहिल्यावर 'एकाच अभ्यासातले' म्हणवणारे नमुने दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, कधी काही महिन्यांच्या अंतराने स्कॅन झालेले आढळतात. पहिल्या दिवशीच्या चार चिप्स एका गटात आल्या, तर हजारो जनुकांत फरक दिसू शकतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऊती शस्त्रक्रियागृहातून निघून द्रव नायट्रोजनमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला, याची नोंद भांडारात बहुधा नसते. कॅम्पातल्या रुग्णालयातून पाषाणपर्यंत बर्फाच्या डब्यातून नमुना आणणाऱ्याला संध्याकाळी किती वेळ लागतो हे पुणेकरांना सांगायला नको. रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतींत एफओएस, जेयूएन, ईजीआर१ यांसारखी तातडीने प्रतिसाद देणारी जनुके थोड्याच वेळात वर जातात, आणि ती एकत्र वर जातात. म्हणजे आठांपैकी तीन नमुने उशिरा गोठवले गेले असतील आणि ते एका गटात पडले असतील, तर एका झटक्यात जनुकांचा संपूर्ण जथा 'बदललेला' दिसेल.

माझी सूचना अशी की आधी एकाच लिंगाचे, शक्य तर एकाच स्कॅन-तुकडीतले नमुने निवडा, आणि मगच प्रसरण सरांनी सांगितलेली बदलाविनाची परीक्षा करा. नाहीतर दोष नमुन्यांचा असेल आणि ठपका पद्धतीवर बसेल.

वेताळटेकडी

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मी या चिप्सच्या माहितीवर रोज काम करतो, म्हणून बदल नेमका कोणत्या टप्प्यावर घालायचा याबद्दल लिहितो. माझ्या मते निकालावर सर्वाधिक परिणाम याच निर्णयाचा होतो आणि प्रबंधात तो बहुधा एका ओळीत उरकला जातो.

धागाकर्तींनी लॉग-२ किमतीत १ मिळवायचा म्हटले आहे. म्हणजे आरएमए किंवा तशी प्रक्रिया होऊन प्रत्येक प्रोब सेटला एक आकडा मिळाल्यानंतर. तेव्हा पार्श्वभूमी वजा झालेली असते, नॉर्मलायझेशन (सगळ्या चिप्सची वाचने एका मापावर आणणे) आटोपलेले असते आणि प्रत्येक प्रोब सेटमधल्या अकरा प्रोब जोड्यांचे सार निघालेले असते. त्या टप्प्यावर घातलेला बदल या तिन्ही पायऱ्यांतून गेलेलाच नसतो. प्रत्यक्षात मात्र पेशीतला बदल आधी होतो आणि चिप नंतर वाचली जाते.

यातून दोन ठिकाणी फसगत होते. पहिले ठिकाण कमी अभिव्यक्तीच्या जनुकांचे आहे. ज्या प्रोब सेटवर खरा संकेत जवळपास नाहीच आणि जे दिसते ते पार्श्वभूमीचे तेज आहे, त्या जनुकाचा आरएनए दुप्पट झाला तरी वाचन जेमतेम हलते. समजा, एका प्रोबचे वाचन १०० आहे आणि त्यात ९० पार्श्वभूमी व १० संकेत आहे. संकेत दुप्पट झाला तर वाचन ११० होईल, २०० नव्हे. शेवटच्या टप्प्यात १ मिळवणारा माणूस अशा जनुकालाही पूर्ण दुप्पट बदल बहाल करतो आणि सगळ्याच पद्धती आहेत त्याहून हुशार दिसतात. वरच्या टोकालाही मर्यादा असते. स्कॅनर १६ बिटांचा असल्याने ६५,५३५ च्या पलीकडे वाचन जाऊ शकत नाही.

दुसरे ठिकाण नॉर्मलायझेशनचे. क्वांटाइल नॉर्मलायझेशनमध्ये प्रत्येक चिपचे वितरण एकसारखे केले जाते, कारण बहुतेक जनुके बदललेली नाहीत, किंवा वर गेलेली आणि खाली आलेली साधारण सारखी आहेत, असे धरलेले असते. ५०० जनुकांत बदल घातला तर हे गृहीतक फारसे डळमळत नाही. पण ३० टक्के जनुके एकाच दिशेने १ एककाने वर नेली, तर काय होईल? हिशेब सोपा राहावा म्हणून नुसती सरासरी जुळवणारे नॉर्मलायझेशन घ्या. चिपची सरासरी ०.३ ने वर जाते, नॉर्मलायझेशन ती ०.३ ने खाली ओढते, बदललेल्या जनुकांचा फरक ०.७ उरतो आणि न बदललेली ७० टक्के जनुके ०.३ ने खाली गेलेली दिसू लागतात. इथे चाचणीचा काहीच दोष नसतो, तरी लिमा काय आणि सॅम काय, सगळ्यांच्या याद्या बिघडतात.

म्हणून मी सुचवतो की बदल प्रोबच्या पातळीवर घाला. प्रत्येक प्रोबच्या पार्श्वभूमीचा अंदाज काढून उरलेल्या संकेतालाच गुणा, पार्श्वभूमी पुन्हा मिळवा आणि तिथून सगळी प्रक्रिया पहिल्यापासून चालवा. काम वाढते, हे खरे. पण मग परीक्षा नुसत्या चाचणीची न राहता संपूर्ण साखळीची होते, आणि आपल्याला शेवटी यादी मिळते ती त्या साखळीतूनच.

मुळाथडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेशीजाल यांच्या सूचनेप्रमाणे नमुन्यांची माहिती पुन्हा तपासते आहे. लिंगाची नोंद काही नमुन्यांना नाही, पण एक्सआयएसटी आणि आरपीएस४वाय१ यांच्या वाचनावरून ती ठरवता येते, असे लक्षात आले.

एक शंका आहे. ज्यांत ठरावीक प्रमाणात आरएनए प्रत्यक्ष मिसळलेला असतो, अशा तयार प्रयोगांची माहिती उपलब्ध असताना संगणकावर बदल घालण्याचा खटाटोप का करावा? शिवाय पद्धतींची तुलना आरओसी आलेखाखालील (न बदललेल्यांपैकी किती चुकून आली यासमोर बदललेल्यांपैकी किती सापडली हे दाखवणाऱ्या आलेखाखालील) क्षेत्रफळाने करणे पुरेसे आहे का?

वेताळटेकडी

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. अ‍ॅफिमेट्रिक्सने लॅटिन चौरस पद्धतीने (प्रत्येक आरएनएला आळीपाळीने प्रत्येक प्रमाण देऊन) केलेला यू१३३एचा प्रयोग आहे. त्यात ४२ आरएनए तीन-तीनच्या १४ गटांत, शून्यापासून ५१२ पिकोमोलरपर्यंतच्या प्रमाणांत मिसळले होते. आरएमए आणि तिच्या प्रतिस्पर्धी पद्धतींची सुरुवातीची तुलना अशाच प्रयोगांवर झाली. त्याचा मोठा गुण म्हणजे बदल खराखुरा रासायनिक आहे, चिपवर उतरलेला आहे. उणीव अशी की मिसळलेले आरएनए सोडले तर बाकीचा नमुना सगळ्या चिप्सवर तोच आहे, त्यामुळे दोन माणसांतला स्वाभाविक फरक त्यात नावालाही नाही. तिथे प्रसरण इतके लहान असते की नुसता फोल्ड चेंजसुद्धा उत्तम कामगिरी करून जातो.

२००५ मध्ये चो आणि सहकाऱ्यांनी फळमाशीच्या चिपवर ३,८६० आरएनए मिसळून मोठा प्रयोग केला. त्यातील १,३०९ चे प्रमाण दोन गटांत वेगळे होते आणि उरलेल्यांचे समान. मिसळलेल्यांपैकी एक तृतीयांश जनुके बदललेली, आणि तीही सगळी एकाच दिशेने. म्हणजे वर मी नॉर्मलायझेशनबद्दल जे लिहिले नेमकी तीच परिस्थिती. पुढच्याच वर्षी डॅबनी आणि स्टोरी यांनी दाखवले की ज्या जनुकांत बदल नाही त्यांच्याही पी-व्हॅल्यू तिथे सपाट पसरत नाहीत, म्हणून त्या प्रयोगावरून चुकीच्या शोधांचे प्रमाण पारखणे धोक्याचे आहे. त्यामुळे मिसळणीचे प्रयोग बाजूला ठेवू नका. पार्श्वभूमी आणि प्रोब यांचे वर्तन कसे असते ते त्यांवरून शिका, आणि माणसामाणसांतला फरक खऱ्या नमुन्यांतून घ्या.

प्रसरण

आरओसीबद्दल माझे मत ठाम आहे: संपूर्ण आलेखाखालील क्षेत्रफळ या कामासाठी वापरू नये. २०,००० जनुकांत १०० खरोखर बदललेली आहेत असे समजा. न बदललेल्यांपैकी अवघी १ टक्का जनुके चुकून निवडली जातात त्या बिंदूवरही सुमारे २०० खोटी जनुके यादीत आलेली असतात. शंभरची शंभर खरी जनुके सापडली असे मानले, तरी यादीतील दोन तृतीयांश नावे खोटी निघतात. आरओसीच्या आलेखावर तो बिंदू डाव्या अक्षाला जवळजवळ चिकटलेला असतो आणि उरलेले ९९ टक्के क्षेत्रफळ अशा याद्यांबद्दल बोलत असते, ज्या कोणी कधी वापरणारच नाही. क्यूपीसीआरने (एकेका जनुकाचा आरएनए स्वतंत्रपणे मोजून) पडताळण्यासाठी जर तुमची प्रयोगशाळा वीस-तीस जनुके घेणार असेल, तर पहिल्या तीसांत किती खरी निघाली हेच मोजा. त्याच्या जोडीला, पद्धतीने ५ टक्के चुकीचे शोध असे सांगितले तेव्हा प्रत्यक्षात किती निघाले, हे नोंदवा.

हे दुसरे मोजमाप करताना सरासरीवर थांबू नका. पेशीजाल यांनी एफओएस-जेयूएनचा जथा सांगितला, तो इथे फार महत्त्वाचा आहे. जनुके परस्परांशी बांधलेली असल्याने खोटे शोध एकेकटे न येता झुंडीने येतात. बहुतेक विभागण्यांत एकही खोटे जनुक मिळत नाही आणि एखाद्याच विभागणीत शेकडो मिळतात. दोहोंची सरासरी ५ टक्के निघते आणि सारे आलबेल दिसते. पण तुमच्या हातात खरी विभागणी एकच आहे, रोगग्रस्त विरुद्ध निरोगी, आणि ती कोणत्या प्रकारात पडली आहे हे सरासरी सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक विभागणीचा आकडा स्वतंत्र ठेवा आणि त्यांचे वितरण दाखवा. यासाठीच त्याच आठ नमुन्यांवर अडून राहू नका. त्यांच्या वेगळ्या विभागण्या ३५ च होतात आणि त्याही एकमेकींत गुंतलेल्या असतात. मोठ्या संचातून दर वेळी नवे आठ निवडा.

पेशीजाल

याच मुद्द्याला जोडून एक गोष्ट. ५०० जनुके यादृच्छिक निवडून सर्वांना नेमका दुप्पट बदल देणे हे जीवशास्त्राला धरून नाही. बदल बहुधा एकाच मार्गातल्या (पेशीत एकत्र काम करणाऱ्या) जनुकांत एकत्र होतो, कुठे सव्वापट, कुठे चौपट. आणि सर्व रुग्णांत सारखा होत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात ईआरजी हे जनुक काही रुग्णांतच प्रचंड वाढते आणि बाकीच्यांत जागचे हलत नाही. २००५ साली टॉम्लिन्स आणि सहकाऱ्यांनी ते शोधले ते सरासरींची तुलना सोडून, अशी तुरळक उसळी शोधणाऱ्या पद्धतीने. चारपैकी दोनच नमुन्यांत बदल घातल्यास लिमा आणि टी-चाचणी कितपत टिकतात, हेही पाहावे. माझा अंदाज आहे की क्रमवारी बदलेल.

नवशिका

विषय बाहेरचा आहे, तरी विचारतो. आता सगळीकडे आरएनए-सीक्वेन्सिंग आले आहे. तिथेही बदल घालून अशीच परीक्षा घेता येते का?

वेताळटेकडी

येते. फक्त तिथे आकडे मोजणीचे (जनुकाचे किती आरएनए-तुकडे वाचले गेले त्याचे) असतात, त्यामुळे लॉगमध्ये १ मिळवून चालत नाही. प्रचलित मार्ग असा की एका गटातील निवडलेल्या जनुकांच्या मोजलेल्या तुकड्यांपैकी प्रत्येक तुकडा निम्म्या संभाव्यतेने ठेवायचा किंवा टाकायचा. त्यामुळे अभिव्यक्ती निम्मी होते आणि मोजणीतली स्वाभाविक अनिश्चितताही टिकते. २०२२ मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी मोठ्या लोकसंख्या-अभ्यासांच्या माहितीत गटांची अदलाबदल करून दाखवले की डीईसेक-२ आणि एजआर या लोकप्रिय पद्धती तिथे सांगितल्यापेक्षा बरेच जास्त खोटे शोध देतात आणि मोठ्या नमुनासंख्येत विलकॉक्सन अधिक भरवशाची ठरते. प्रसरण सरांनी नमुनासंख्येबद्दल जे लिहिले त्याच्याशी हे जुळते.

मुळाथडी

योजना आता अशी बदलली आहे. एकाच लिंगाचे आणि शक्य तितक्या जवळच्या तारखांना स्कॅन झालेले नमुने घेणार. पहिल्या टप्प्यात बदल न घालता पी-व्हॅल्यूंचा पसारा तपासणार. दुसऱ्या टप्प्यात प्रोबच्या पातळीवर बदल घालणार. त्यात एकदा विखुरलेली जनुके आणि एकदा एकाच मार्गातली जनुके घेणार, आणि बदल सव्वापट ते चौपट ठेवणार. चारपैकी दोनच नमुन्यांतला बदल वेगळा चालवणार. विलकॉक्सनला चार विरुद्ध चारच्या तुलनेतून वगळून पंधरा विरुद्ध पंधराच्या वेगळ्या तुलनेत घेणार.

अडचण एकच उरते. बदललेल्या जनुकांचे प्रमाण किती धरावे? आमच्या रोगग्रस्त ऊतींत ते १ टक्का आहे की २० टक्के, याचा मला काहीच अंदाज नाही.

प्रसरण

तो अंदाज तुमच्याच आठ चिप्स देतील. रोगग्रस्त विरुद्ध निरोगी या खऱ्या तुलनेतील पी-व्हॅल्यूंचा आयतालेख काढा. न बदललेल्या जनुकांच्या पी-व्हॅल्यू सपाट पसरतात, म्हणून ०.५ ते १ या भागात जवळपास तीच जनुके असतात. त्या भागातील संख्येची दुप्पट करून एकूण संख्येने भागले, की न बदललेल्यांचे प्रमाण ढोबळमानाने मिळते. आठ नमुन्यांत हा आकडा बराच डळमळीत असेल, शिवाय लहान बदल झालेली काही जनुके उजव्या भागातही सापडतील, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका. अंदाजाच्या निम्मे, अंदाजाइतके आणि दुप्पट अशी तीन प्रमाणे घेऊन परीक्षा चालवा. तिन्हींत पद्धतींची क्रमवारी तीच राहिली तर बैठकीत निश्चिंतपणे मांडा. बदलली, तर वेताळटेकडींनी सांगितलेले नॉर्मलायझेशन आधी तपासा.

वेताळटेकडी

प्रोब पातळीवर बदल घालणारा आर भाषेतला कोड माझ्याकडे आहे, तो या धाग्यावर टाकतो. पार्श्वभूमीचा अंदाज त्यात आरएमएच्याच सूत्राने काढला आहे. परीक्षेत आरएमए स्वतःच सामील असेल तर तिला त्याचा अवाजवी फायदा होईल, म्हणून तेवढा भाग दुसऱ्या एखाद्या पद्धतीने बदलून मगच चालवा.